राणीछाप रुपया आणि भिंगवाले काका

जगातल्या कुठल्याही वस्तूला नुसतं ‘छान’ म्हणून मोकळं व्हायचं नाही, असा नेम पाळणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या आईचं गिऱ्हाईक होता. जूचंद्रला बाबा ज्या मिठागरावर राबायचे ते बंद पडलं, तेव्हा आईनं डोक्यावर भाजीची पाटी घेतली आणि माणिकपूरच्या बिल्डिंगी धरल्या. घरात संध्याकाळी काय शिजणार हे पाटी किती हलकी होऊन आली त्यावर ठरायचं. अशा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरचे हे निवृत्त काका एकेक भेंडी भिंगाखाली धरून बघत बसायचे. आई जिना उतरताना कपाळावर हात मारायची, “यो मानूस भेंडी घेतंय का भेंडीचा मुका घेतंय, कलत नाय!”

काकांचा खरा जीव जुन्या चांदीच्या नाण्यांत. भेंडी हा नुसता सराव. त्यांच्या लेखी नाण्याच्या पाच जाती: कोरं, कोऱ्यासारखं, चाललेलं, झिजलेलं आणि गेलेलं. हळूहळू सगळी सृष्टीच त्यांनी या पाचांत बसवली. खालच्या मजल्यावरचा नवा जावई ‘झिजलेला, पण अक्षरं वाचता येतात’. लग्नात बायकोला त्यांनी ‘कोऱ्यासारखी’ म्हटलं होतं. “‘सारखी’ कशाला जोडलंत, ते अजून विचारतेय मी,” काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या. नाणं बघायचं ते खिडकीतल्या सकाळच्या उजेडात, खाली मऊ कापड अंथरून. नाण्यावर वाकून बोललेलं त्यांना खपत नसे, थुंकीचा शिंतोडा उडतो म्हणून. पाहुणे त्यामुळे तोंडाला रुमाल लावून बसायचे आणि नवख्याला वाटायचं, घरात कोणाला तरी साथीचा आजार आहे. एका शेजाऱ्यांनी पूर्वजांचं म्हणून जपलेलं नाणं मोठ्या अभिमानानं आणलं. काकांनी भिंग बाजूला ठेवलं आणि सांगितलं, “तांबं. वर मुलामा. जत्रेतलं असावं.” त्या घरातून दिवाळीचा फराळ यायचा तो तेव्हापासून बंद झाला.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि घरात पैसे नव्हते. आईनं देव्हाऱ्यातला आजीचा राणीछाप रुपया काढायचं ठरवलं. एवढा जुना म्हणजे फॉर्म काय, पुढचं सगळं शिक्षण त्यात निघेल, असा तिचा हिशेब. काकांच्या घरी जायचं तर मळकं कसं न्यायचं, म्हणून तिनं सकाळी चिंच आणि राख घेऊन तो असा घासला की ताटात चंद्र उतरला.

काकांनी रुपया बघितला आणि ते खुर्चीत बसले.

“ताई, हे धुतलंत तुम्ही?”

“मंग! चांगला घासलाय.”

“पाणी आणू का?” काकूंनी आतून विचारलं.

“त्यांना नको. मला आण.”

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं, “जुन्या चांदीचा काळपटपणा म्हणजे तिची कातडी, ताई. तुम्ही सोलून काढलीत.”

“दर दिवालीला घासतो आमी. माझी आय पन घासायची.”

काकांनी बराच वेळ भिंग लावलं. मग निकाल दिला, “गेलेलं. नाण्यांचा शौकीन माणूस हात लावणार नाही. चांदीचा भाव येईल, तेवढाच.”

आईचा चेहरा उतरला. मला राग आला. “काका, जरा बरं बोलायला काय झालं असतं?”

“बरं बोललो असतो तर सोनारानं खरं सांगितलं असतं,” ते म्हणाले आणि रुपया उभा धरून कड बघू लागले. त्यांचा आवाज बदलला. “ताई, इकडे या. हे काठावरचे दाते बघा, सगळे शाबूत. राणीचे केस गेलेत, गाल सपाट झालाय, पण कड तशीच. बाजारात फिरलेल्या रुपयाची कड आधी जाते. हा फिरलेला नाही. हा पूजेत झिजलाय. कुंकवाच्या बोटांनी, चिंचेनं.”

“म्हंजे माझे आयनं यो कदीच मोडला नाय? आमी उपाशी निजायचो तवा पन?”

“वाण्याच्या गल्ल्यात हा गेलेला दिसत नाही.”

आईनं डोळे पुसले, रुपया पदरात बांधला. मला वाटलं, आता ती तो परत देव्हाऱ्यात ठेवणार. ती उठून म्हणाली, “मंग आज जाऊ दे बाजारात. नातीच्या कामाला जातंय.”

काका छत्री घेऊन आमच्याबरोबर वसईच्या सोनाराकडे आले. वजनावरून त्यांनी सोनाराशी असं भांडण काढलं की रस्त्यावरची माणसं थांबली. तराजू दोनदा पुसायला लावला. मग रुपया हातातून सोडायच्या आधी दुकानाच्या दारात उजेडाला उभे राहिले आणि भिंग लावून बघत राहिले.

“काका, गिऱ्हाईकं खोळंबलीत,” सोनार म्हणाला.

“खोळंबू देत. इतकी वर्षं यालाही घाई नव्हती.”

गेल्या वर्षी काका गेले. आई अजून त्या बिल्डिंगीत पाटी घेऊन जाते. काकू भेंडी न बघता घेतात, आणि ते आईला अजिबात आवडत नाही.

रुपया सोनारानं वितळवला. त्याच्या पैशांत माझा फॉर्म भरला गेला. मी बी.कॉम. पास झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.