मास्तरणीची मापांची वही

आमच्या गल्लीत कुणाची कंबर किती, हे त्या कमरेच्या मालकिणीला ठाऊक नसेल, पण मास्तरणीला ठाऊक. एकतीस वर्षं कपडे शिवतेय ती. खोली केवढी? दोन मशिनं, कापायचं टेबल, एक आरसा आणि पडद्यामागं माप द्यायला उभं राहण्यापुरती जागा. त्या पडद्यामागं बायका काय काय बोलायच्या, ते कानावर पडणार असेल तर मी एक वेळचं जेवण सोडलं असतं! पण मास्तरीण पक्की. तोंडात टाचण्या धरून सगळं ऐकायची आणि गप्प राहायची. लिहायचं ते मापांच्या वहीत. आकड्यांखाली बारीक अक्षरात शेरा असायचा: ‘उजवा खांदा उतरता, आरशात दाखवू नये.’ ‘पोट आत ओढून माप देते, दोन बोटं वाढवणे.’

ही वही एका सोमवारी गेली. कुलूप शाबूत, मशिनं जागच्या जागी, कापडाची घडीसुद्धा मोडलेली नाही. वही तेवढी गायब. किल्ली कुंडीखाली असते हे तिघांनाच माहीत: मास्तरीण, तिचा नवरा आणि धाकटी जाऊ. नवऱ्याला बिचाऱ्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो वही काय चोरणार! उरली धाकटी. सहा वर्षं मोठीच्या हाताखाली काजं-बटणं करत शिलाई शिकली आणि दोन महिन्यांपूर्वी तणतणत निघून समोरच्या फुटपाथवर स्वतःचं दुकान थाटून बसली.

मास्तरीण चौकीत गेली. हवालदाराच्या बायकोचंही पान त्या वहीत होतं, त्यामुळं तो जरा जपूनच बोलला.

“संशय कुणावर, बाई?”

“जावेवर.”

“बघा हं. नाव घालून तक्रार दिलीत, सही केलीत, की पुढं कोर्ट. मग ‘घरचंच माणूस आहे, मिटवा’ म्हणत येऊ नका. पुरावा आहे?”

“मिळेल,” म्हणाली आणि उठली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. “वहीच ना ती? सोनं का नाणं? घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणार तू!”

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “जाऊ दे ना.”

“जाऊच तर नडलीय,” मास्तरीण म्हणाली.

आठ दिवसांनी शाळेतल्या गाण्याच्या बाई नवा कोट घेऊन आल्या. शिवला होता समोरच्या दुकानात. “मास्तरीणबाई, रागावू नका, पण हा अंगात नाचतोय हो.”

मास्तरणीनं माप लावलं. पाठ एक इंच जास्त. बाही एक इंच जास्त. कंबर, तीही एक इंच. आणि ती अशी हसली, की तोंडातल्या टाचण्या जमिनीवर! कारण सांगतो. तिच्या टेपचा पहिला इंच फार वर्षांपूर्वी मशिनच्या चाकात जाऊन तुटला होता. हाताला सवयीची टेप, म्हणून तिनं ती बदलली नाही. बत्तीसची कंबर ती तेहतीस लिहायची आणि त्याच टेपनं कापायची, त्यामुळं कपडा अंगासरशी बसायचा. कात्री मात्र तिनं धाकटीच्या हातात कधी दिली नाही, आणि काजं-बटणं करणारीला टेपचं गुपित कळणार कुठून? तिनं वहीतले आकडे उचलले नि नव्याकोऱ्या टेपनं कापले.

“एक सांगू?” गाण्याच्या बाईंचा आवाज खाली आला. “ती तुमची वही उघडून सगळ्यांना वाचून दाखवते. काल ग्रंथपालबाईंचं पान वाचलं. दुकानात पाच बायका होत्या.”

मास्तरणीचं हसू तिथंच थिजलं. ग्रंथपालबाईंचं चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. छातीची डावी बाजू काढली होती. त्या बाजूला कपड्याच्या आतून कापसाची गादी शिवायची, हे फक्त मास्तरणीला माहीत होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही नव्हतं.

तोवर मास्तरणीला धाकटीची नुसती जिरवायची होती. आता तिला समोरच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलेलं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धाकटी स्वतःच आली. चार कोट परत आले होते आणि बोंब चौकीपर्यंत गेली होती. वही तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली.

“ताई, घ्या ही. चुकलं माझं. मिटवून टाकू आता.”

“बस. पाणी देऊ?”

“नको. तुम्ही तक्रारीवर सही नाही ना करणार? घरातलीच आहे हो मी.”

“घरातली आहेस म्हणून तर कुंडीखालची किल्ली माहीत होती.”

“मी काय दागिने नेले का? आकडे तर नेले!”

“आणि त्या बाईंचं पान?”

धाकटी ओढणीचं टोक पिळत पुटपुटली, “गंमत म्हणून वाचलं.”

“जा तू,” मास्तरीण म्हणाली. “अजून काही वेळ माझ्या डोळ्यांसमोर थांबलीस तर कात्री खाली ठेवायचं मला सुचायचं नाही.”

आता वही हातात होती, पुरावा होता, फक्त सही उरली होती. पण सही केली की वही पोलिसांकडं जाणार. हवालदार वाचणार, साहेब वाचणार, वकील चष्मा पुसून पुसून वाचणार. मास्तरणीनं ते पान उघडलं. कात्रीचं पातं वहीच्या शिवणीत सरकवलं, पण पान कापलं नाही. मग वही तशीच काखेत मारली आणि वाचनालय गाठलं.

ग्रंथपालबाई कपाटाला कुलूप लावत होत्या. मास्तरणीनं सगळं सांगितलं, मान खाली घालून. “हे पान मी कापून टाकते. मग सही करते. तुम्ही हो म्हणा.”

बाई बराच वेळ पान वाचत उभ्या राहिल्या. स्वतःबद्दलचं वाचताना माणूस हळू वाचतो.

“अक्षर सुरेख आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “पानाला हात लावायचा नाही. पुस्तकाची पानं फाडणाऱ्यांना मी तीस वर्षं दंड केलाय.”

“पण सगळे वाचतील हो.”

“पाच जणींनी ऐकलंय म्हणजे गावानं ऐकलंय. आता लपवायचं ते काय? ती हसली होती का वाचताना?”

मास्तरीण खोटं बोलणार होती. बोलली नाही. “हसली म्हणतात.”

“मग चला. साक्षीला मी. हे पान कोर्टात मीच वाचणार, तिच्याकडं बघत. बघू तेव्हा कुठं हसते ती.”

दोघी समोरच्या फुटपाथनंच चौकीकडं गेल्या. धाकटी दारात आली. तिच्याकडं दोघींनीही पाहिलं नाही. हवालदारानं कागद पुढं सारला, “एकदा विचार करा, बाई,” म्हणाला. मास्तरणीनं त्याच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली. इतकी दाबून, की खालच्या तीन कोऱ्या कागदांवरही उठली.