खुर्चीचं झंपर

उघडी खुर्ची बघून स्वतःचा पदर सावरणारी बाई सगळ्या कोल्हापुरात एकच आहे, आणि ती माझी मेहुणी आहे. बायकोची धाकटी बहीण. कुणाच्याही घरी गेली की चहापाणी, तब्येत सगळं मागं राहतं. आधी सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि घरच्या बाईला विचारते, "ह्याला असंच नागडं ठेवलंय व्हय?" लोक सोफा कव्हर म्हणतात, ही झंपर म्हणते. उभी हयात बायकांची झंपरं शिवली, त्यामुळं तिच्या मते खुर्चीलाही पाठ, पोट आणि दोन हात असतात. फरक एवढाच की खुर्ची शिवून झाल्यावर कुरकुर करत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, उद्यमनगरात लेथवर जन्म गेला, लिहायची सवय नाही. पण हिच्याबद्दल लिहायला बसलो, कारण माझ्या घरातल्या एका खुर्चीचा निकाल हिच्या हातात आला होता. ती खुर्ची माझ्या बायकोची. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, स्पंज बाहेर आलेला, बैठक डाव्या अंगाला खचलेली. नातीच्या साखरपुड्याला घरी पाहुणे येणार म्हणून मुलगा म्हणाला, "आण्णा, ही आता काढूया." मी म्हटलं, "काढ. टेम्पोत तिच्या शेजारी मलाबी टाक." मग सूनबाईनं तोड काढली, की मावशीनं साखरपुड्याआधी खुर्ची माणसात आणली तर राहील, नाहीतर भंगारवाला.

आता ह्या मावशीची तऱ्हा ऐका. नवं कापड विकत घेणं तिला पाप वाटतं. दुकानातले उरलेले तुकडे, विटलेल्या चादरी, मंडपवाल्यानं टाकलेले पडदे, असलं काय काय तिच्या घरी पोत्यानं पडलेलं असतं. आणलेलं कापड आधी कढत पाण्यात मीठ टाकून बुचकळते. "आटायचं हाय ते आत्ताच आट म्हणावं. मागनं नाटकं नगंत." वाळलं की कापडाची उलटी बाजू वर करून खुर्चीवर पांघरते, तोंडात टाचण्या धरते, अंगासरशी टाचत जाते, आंघोळीच्या साबणाच्या चिपटीनं रेघा मारते, दोन बोटं सोडून कातरते, शिवते आणि मग सुलटं करते. ह्यात टेपचा पत्ता नाही. मी आयुष्यभर लोखंडावर केसाएवढं माप धरणारा. मला ते बघवेना. एकदा तिच्या नाकावर टिच्चून मी आमच्या कोचाची मापं घेतली, कागदावर ड्रॉइंग काढलं आणि म्हटलं, हे घे, असं शीव. तिनं मुकाट्यानं तस्संच शिवलं. कव्हर चढवायला मी, मुलगा आणि शेजारचा पैलवान असे तिघं लागलो. चढलं. मग मी ऐटीत बसलो आणि पाठीमागं टर्रर्र झालं. ती हसली सुद्धा नाही. म्हणाली, "दाजी, लोखंड बसल्यावर दबत न्हाई. गादी दबती. जो बसणार त्येला बसवून माप घ्यावं लागतंय." तेव्हापासून तिचा हा नेम मला पाठ आहे. शेठजीची खुर्ची असली तर शेठजीला बसवते, आजारी म्हातारीची असली तर चौघांना सांगून म्हातारीला उचलून आणवते. माणूस बसल्याशिवाय कात्री लावत नाही.

तिचं सगळं बरोबरच येतं असं मात्र नाही. बैठक आणि पाठ ह्यांच्या खाचेत कापड खोचतात, ते वर येऊ नये म्हणून ती त्यात वर्तमानपत्राची सुरळी घट्ट दाबून बसवते. बिद्रीला नणंदेकडं कोच करायला गेली, तर त्या घरात वर्तमानपत्र नाही. अंगणात उसाची मोळी पडलेली. हिनं तीन कांडकी तोडली आणि दिली ठोकून. कव्हर असं बसलं की गाव बघायला आलं. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. गावचे एक वजनदार गृहस्थ निवडणुकीचं बोलायला आले होते, ते बोलता बोलता उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले आणि शेवटी अंगणात जाऊन उड्या मारायला लागले. नणंदेचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. मेहुणी म्हणाली, "मग गोड जागा हाय म्हणायची की! तुमच्यात कुणी आलं तर उठायचं नाव घेत न्हाई म्हणत हुतीस न्हवं?" आणि फोन ठेवून मला म्हणाली, "दाजी, ऊस नगं हुता."

तर ही बाई खुर्चीसाठी सकाळी नऊला पिशव्या घेऊन आली. मी कपाटातून बायकोचं एक इरकल काढून ठेवलं होतं. मनात म्हटलं, हेच लावावं. तिनं ते चिमटीत धरून उजेडाला बघितलं, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हे ठेवा कपाटात. दोन म्हयन्यात झिरंल, मग तुमी खुर्चीसाठी येक डाव आन् लुगड्यासाठी येक डाव रडशीला. खुर्चीला जाड कापड लागतंय." तिनं चौकड्याचं जाड तपकिरी कापड काढलं. मी म्हटलं, "बैठकीत स्पंज भरणार काय? तो खड्डा तिचा आहे. खड्डा बुजला तर खुर्ची राहून उपयोग काय?" ती म्हणाली, "खड्ड्याला हात लावत न्हाई. बसा."

"मी नाही बसणार."

"मग कुणाला बसवू? गणपतीला?"

"तू बस. बहीण आहेस."

"मी पंचेचाळीस किलोची. अक्का सत्तरीच्या वर हुती. माझ्यानं कापड ढिलं ऱ्हाईल आन् साखरपुड्यात पावणं त्यात गुरफटंल. बसा म्हन्ते न्हवं!"

सव्वा वर्षात त्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं. मीही बसलो नव्हतो. तसं बघायला गेलं तर बायको जिवंत असतानाही बसलो नव्हतो. माझी जागा कोचावर. बसलो. डावीकडं कललो. मेहुणीनं तोंडात टाचण्या धरल्या आणि खाली बसून टाचायला लागली. मला हलायची बंदी, म्हणून समोर बघत बसलो. समोर टीव्ही चालू होता आणि मला तो अर्धाच दिसत होता. उरलेला अर्धा लोखंडी कपाटाच्या आड. ते कपाट मीच तिथं ठेवलं होतं, घर बांधलं तेव्हा, हौसेनं. मालिका बघताना बायको सारखी विचारायची, "कोण आलं वो? काय झालं?" आणि मी खेकसायचो, "डोळं हायत न्हवं तुला?" इतकी वर्षं अर्धा टीव्ही बघितला बाईनं. एकदा म्हणाली नाही की कपाट सरकवा.

मी मेहुणीला सांगितलं. ती टाचत राहिली. मग टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या आणि म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी तिला म्हटलं हुतं, दाजीस्नी सांग. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, त्येवढंच बोलत्यात माझ्यासंगं." आणि परत टाचण्या तोंडात.

कव्हर तिनं दोन दिवसांत शिवून आणलं. खड्डा जसाच्या तसा, कापड त्याच्या बुडापर्यंत गेलेलं, एक सुरकुती नाही. लेथवर चढवून बघितलं असतं तरी चूक सापडली नसती, हे मी लेथवाला सांगतोय. साखरपुड्याला नवऱ्यामुलाचे आजोबा नेमके त्याच खुर्चीवर बसले. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. माझ्या मुलानं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आण्णा, कपाट सरकवू काय?" मी नको म्हटलं.

आता संध्याकाळी त्या खुर्चीवर मी बसतो. मेहुणी आठवड्यातून दोनदा येते, कव्हर कसं आहे बघायला म्हणून, आणि माझ्या कोचावर ऐसपैस बसते. तिथून तिला सगळा टीव्ही दिसतो. मी विचारतो, "कोण आलं गं?" ती सांगते. चष्मा घरी विसरून येते, त्यामुळं सासूला सून म्हणते आणि मेलेल्या माणसाला परत आलेला म्हणते. मी ऐकून घेतो.