आईच्या दारातला संप

मसाट गावातल्या सूत कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज आहे आणि माझ्या खात्यात आजवर एकदाही संप झालेला नाही. झाला तो माझ्या घरात.

कोरोनाची दुसरी लाट होती. सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना ताप आला, तपासणी झाली आणि ती आतल्या खोलीत बंद झाली. बाहेर राहिलो मी, नऊ वर्षांची ऋतुजा आणि पाच वर्षांचा चिनू. घराबाहेर पाऊल टाकायला आम्हा सगळ्यांनाच बंदी. दार लावण्यापूर्वी सुनंदा म्हणाली, "काहीही करा, पण पोरांना रमवा. दाराजवळ येऊ देऊ नका."

"अगं, मी अख्खं खातं सांभाळतो! ही दोन पोरं म्हणजे काय!"

(हे वाक्य तिने अजून विसरलेलं नाही.)

पहिला दिवस पत्त्यांत आणि लपाछपीत गेला. दोन खोल्यांत लपायच्या जागा किती असणार? चिनू दर वेळी पडद्यामागे आणि मी दर वेळी तो सापडत नसल्याचं नाटक करायचो. दुसऱ्या दिवशी दोघं आईच्या दाराकडे सरकायला लागली. मग मी ठरवलं, घरात शिफ्टच लावायची. सकाळी कुकरची शिट्टी झाली की हजेरी! पंगतीला बसल्यासारखी पोरं समोरासमोर बसवली, मध्ये परात ठेवली आणि परातीत मूग, मठ, राजमा, चवळी असं सगळं एकत्र ओतलं.

"हे वेगवेगळ्या डब्यांत भरायचं. चुकीचा दाणा गेला तर रिजेक्शन!"

काय रमली म्हणता! शेजारच्या सायली गावातल्या मोठ्या मिलच्या एखाद्या साहेबाने पाहिलं असतं तर मला तिथेच बढती दिली असती. पोरं जेवायला बसली की मी सगळे डबे गुपचूप परत परातीत ओतायचो. माल संपायचा प्रश्नच नव्हता! इतका खूश झालो की कारखान्यातून आणलेली सुताची रिकामी खोकी उचलली आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीत आतल्या खोलीची जी खिडकी उघडते, तिच्यासमोर रचून टाकली. न जाणो, पोरं तिथून डोकावायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी ऋतुजाने एक राजमा उचलून माझ्या नाकासमोर धरला. त्याला आईचं नेलपॉलिश लावलेलं होतं.

"पप्पा, हा मी काल डब्यात टाकला होता. आज परत कसा आला?"

"असेल दुसरा."

"मीच रंगवला होता. चेक करायला."

(क्वालिटी चेकिंग मीच शिकवलं होतं. भोगा आता!)

दोघं उठली आणि थेट आईच्या दाराला पाठ लावून बसली. जिथे त्यांना येऊ द्यायचं नव्हतं, नेमकं तिथेच! मी आधी ओरडलो, मग बिस्किटं दाखवली, शेवटी मोबाईल देऊ केला. चिनूने भोकाड पसरलं. ते ऐकून समोरच्या गुजराती बेननी त्यांच्या दारातूनच विचारलं, "भाई, बद्धू बराबर छे ने?"

"हो हो, बराबर! खेळतायत पोरं!"

आतून खोकत सुनंदाने विचारलं, "अहो, काय चाललंय बाहेर?"

"संप!" मी म्हणालो. "तू झोप."

"मागणी काय आहे त्यांची?"

मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

ऋतुजा खाली बघत म्हणाली, "चिनू म्हणतो, आई आत नाहीये."

"अरे, आत्ता बोलली ना ती? रोज व्हिडिओवर दिसते ना?"

"समोरच्या बेनचे दादाजीपण व्हिडिओत बोलतात," चिनू हुंदके देत म्हणाला. "बेन रोज बघतात. पण दादाजी दवाखान्याच्या गाडीतून गेले ते आलेच नाहीत."

मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. इतके दिवस मी समजत होतो, पोरांना कंटाळा आलाय. त्यांना भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती. ती विसरायला शिफ्ट मीच लावून घेतली होती.

आतून आवाज आला, "अहो, गॅलरीतली खिडकी आहे ना? काचेतून बघू दे की त्यांना!"

"तिथे खोकी आहेत."

"कुणी ठेवली?"

सुनंदा चिडली की तिची धुळ्याची बोली बाहेर पडते. "तुम्हले काही समजस का?" ती इतक्या जोरात म्हणाली की तिची तब्येत सुधारतेय याची मला खात्रीच पटली.

खोकी हटवली. बंद काचेपलीकडे सुनंदा उभी राहिली, विस्कटलेली, डोळे खोल गेलेली. चिनूने काचेवर हात ठेवला, तिने आतून ठेवला. त्याने तिला नीट निरखून बघितलं. मग म्हणाला, "आहे." आणि खोक्यांमध्ये शिरला.

संध्याकाळपर्यंत दोघांनी त्या खोक्यांचं घर केलं, दुकान केलं, दवाखाना केला. खिडकीशी जाऊन आईला बघायचं, परत खेळायचं. मी मधूनमधून जाऊन विचारत होतो, "कंटाळा आला का? गोष्ट सांगू? पत्ते काढू? दवाखान्यात पेशंट हवाय का?"

शेवटी ऋतुजा काचेला तोंड लावून ओरडली, "आई, पप्पांना काहीतरी खेळायला दे ना! ते आम्हाला खेळूच देत नाहीयेत!"