केळीच्या बागेत कोणी नाही

बचत गटातून ड्रोन चालवायचं शिकायला मी गेले तेव्हा घरात सगळे हसले होते. पण परत आले ती हातात रिमोट घेऊनच. शिंदखेड्याहून तापी ओलांडून शिरपूरकडच्या बागांमध्ये आम्ही फवारणीला जाऊ लागलो. मी ड्रोन उडवायचे, माझी जाऊ औषध कालवायची आणि बॅटऱ्या बदलायची. चार बायका दिवसभर पाठीवर पंप घेऊन जे करायच्या, ते तासाभरात व्हायचं. कोणाच्या अंगावर औषध उडत नाही, याचा मला फार अभिमान होता. तसं मी गटाच्या बैठकीत बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवशी सकाळी नाना म्हणून एका शेतकऱ्याच्या केळीत गेलो. पानांवर माव्याची कीड पडली होती. बाग भरात आलेली, माणसाच्या दुप्पट उंच. मी बांधावरून विचारलं, "नाना, आत कोणी नाही ना?"

"कोणीच नाही. मजूर कालच गेले. कर तू सुरू."

स्क्रीनवर नुसतं हिरवं दिसत होतं. एक टाकी संपवली आणि बॅटरी बदलायला ड्रोन खाली घेतला. पंखे थांबले तेव्हा जाऊ म्हणाली, "थांब. आत कोणीतरी खोकतंय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तरीही आम्ही दोघी आत धावलो. सातव्या की आठव्या ओळीत एक म्हातारी केळीच्या बुंध्याला टेकून बसली होती. शेजारी विळा आणि गवताचा अर्धवट बांधलेला भारा. डोंगराकडच्या पाड्यावरची होती, शेळ्यांना गवत न्यायला आली असावी. डोकं, तोंड, लुगडं सगळं ओलं. तोंडातून लाळ गळत होती. तिनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला.

"पोरी, माले काहीच दिसत नई शे."

मी बाटलीतलं पाणी ओतून तिचं तोंड आणि डोळे धुतले. जावेनं तिच्या अंगावरचं ओलं लुगडं काढलं आणि स्वतःची ओढणी गुंडाळली. तिला उलटी झाली. नानांनी पिकअप आणली. गाडीत बसताना ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "दवाखान्यात ड्रोनचं नाव काढू नको, ताई. ऊन लागलं म्हण. तुझंही काम जाईल आणि मीही अडकेन."

रस्ताभर म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वासाबरोबर तिच्या छातीत घरघर व्हायची. ही मेली तर मी माणूस मारला, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. त्याच्या मागोमाग दुसरं यायचं, की कोणी पाहिलेलं नाही. या दुसऱ्या वाक्याची मला जास्त भीती वाटली, कारण त्यानं जरा बरं वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय झालं यांना?"

मी म्हणाले, "ऊन लागलं."

हो, मी म्हणाले. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावून म्हातारीचे डोळे उघडले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"उन्हानं असं होत नाही. खरं सांगा, नाहीतर मी कशावर उपचार करू?"

मी बाहेर पळाले. औषधाची बाटली पिशवीत, गाडीतच होती. ती आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे. मी फवारलं. ड्रोननं. अंगावर पडलंय त्यांच्या." दारात नाना उभे होते. ते निघून गेले.

त्यानंतर एकामागून एक इंजेक्शनं सुरू झाली. पाड्यावरून तिची लेक आली. मी तिलाही सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं होतं, पण ती भिंतीला टेकून खाली बसली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दोन दिवस आम्ही दोघी एकाच बाकावर बसून होतो.

तिसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली. लेक तिला अक्का म्हणायची. मी पाया पडले तेव्हा ती म्हणाली, "इमानना आवाज व्हयना, म्हनीसन मी वर दखं."

ड्रोनला विमान समजून ती वर बघत होती. तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून. हे तिनं सांगेपर्यंत माझ्या मनात आलंच नव्हतं.

गटात आणि कृषी कार्यालयात मी सगळं लिहून दिलं. काही आठवडे ड्रोन बंद राहिला. नानांनी पुन्हा बोलावलं नाही. अक्का वाचली, पण उन्हात तिच्या डोळ्यांतून अजून पाणी येतं आणि ती केळीच्या बागेत पाय ठेवत नाही. मी अधूनमधून तिच्याकडे जाते. ती चहा करते. तो पिताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

आता फवारणीआधी जाऊ थाळी वाजवत प्रत्येक ओळीतून फिरते, हाका मारते. शेतकरी हसतात. "मशीन आणलं आणि वरून हे काय नाटक?" म्हणतात. ती दाट पानांमध्ये दिसेनाशी झाली की मी रिमोट खाली ठेवते आणि त्याला हातही लावत नाही. ती पलीकडच्या बांधावर येऊन हात हलवते, मगच मी तो उचलते.