ताईच्या गोळ्या

काउंटरवर चार झेरॉक्स शेजारी शेजारी मांडल्या होत्या. पलीकडे गजानन पाचवी चिठ्ठी घेऊन उभा होता.

"काकाजी, लवकर द्या ना. ताई वाट पाहून राह्यली."

दुपारचे तीन वाजले होते. बाजार नसला की हिवाळ्यात मोताळ्याचा रस्ता या वेळी पेंगतो. कापसाच्या गाड्या जाऊन आलेल्या असतात. त्यांचे पांढरे धागे हवेत राहतात, उन्हात दिसतात, सावलीत नाहीसे होतात. सिरपच्या बाटल्यांतून उजेड येतो आणि फरशी तांबूस होते. तीस वर्षं मी या वेळी उघड्या डोळ्यांनी झोपत आलोय. बायको म्हणते, तुमचं दुकान निम्मं स्वप्नातच चालतं. त्या दिवशी मात्र मी खडबडून जागा होतो.

मी फार्मासिस्ट. लोक मेडिकलवाला म्हणतात, तेही चालतं. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्या अफूच्या कुळातल्या असतात. दुखणं थांबतं, पण सवय लागते. म्हणून त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, वेगळ्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंद करायची, चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारायचा. शिक्का पडला की ती चिठ्ठी पुन्हा कुठे चालत नाही. मी वर एक झेरॉक्सही ठेवतो.

गजाननची मोठी बहीण सुनीता शाळेत शिकवते. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. वर्षभरापूर्वी रोहिणखेडहून येताना त्यांची गाडी घसरली. चालवत होता गजानन. त्याला खरचटलं, सुनीताचा पाय मोडला. बुलढाण्याला ऑपरेशन झालं, आणि या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून दर महिन्याला हा चिठ्ठी घेऊन हजर. दुकानात चार माणसं असली की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "भाऊ असावा तर असा!" तो मान खाली घालायचा. मला वाटायचं, लाजला.

त्या दिवशी सकाळी मी फाइलीत भलतंच काही शोधत होतो. सुनीताच्या चार चिठ्ठ्या एकाखाली एक हाताला लागल्या. डॉक्टरांनी तिचं वय आधी चौतीस लिहिलं होतं, मग खोडून छत्तीस केलं होतं. चारही चिठ्ठ्यांवर. खोडल्याच्या रेघेचं शेपूट चारही ठिकाणी आडनावाच्या त्याच अक्षरात घुसलं होतं. माणूस एकच चूक चार वेळा करू शकतो, पण अशी मापात करत नाही. आणि गजाननचं दुकान होतं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं.

मी पाचवी चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. शेपूट जागच्या जागी होतं.

"गजानन, हे डॉक्टरनं लिहिलं, का तुह्या कॉम्प्युटरनं?"

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "शिक्का माराच्या आधीच पह्यली स्कॅन करून ठेवली होती. तारीख तेवढी बदलवतो."

"दिवसाच्या किती घेते ती?"

"लिहेल हायेत दोन. घेते सहा-सात. दुसरीकडून बी आनतो मी."

"अन् तू नाही काऊन म्हनत नाही बे तिले?"

"म्हनून पाह्यलं, काकाजी. मी नाही म्हनलो का ती एवढंच इचारते, गाडी कोन चालवत होतं?"

मला माझीच लाज वाटली. इतके महिने मी त्याच्या भीतीला माया म्हणत होतो, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सुनीता? तिला मी चार-पाच महिन्यांत पाहिलेलंच नाही. हाड केव्हाच जुळलंय." सहा-सात ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. "एवढ्या गोळ्यांनी झोपेत श्वास मंदावतो. एखाद्या सकाळी ती उठणार नाही. पण एकदम बंदही करू नका, अंग ठणकतं, जीव नकोसा होतो. आजच्यापुरती चिठ्ठी पाठवतो. गोळ्या तिच्याच हातात द्या, भावाच्या नको. उद्या दोघांना माझ्याकडे पाठवा."

गजाननने ताईला फोन केला. ती ऑटोने आली. किंचित लंगडत पायरी चढली. साडी नीटनेटकी, केस नीट बांधलेले, आणि नजर मात्र कुठेतरी लांब. मी जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती हसली.

"काकाजी, तुम्हाले नाही समजनार. गोळी घेतली का समदं हळूहळू दूर जाते. पाय दूर जाते, शाळा दूर जाते. पडतानाचा तो आवाज बी दूर जाते. कापसाच्या ढिगावर निजल्यावानी वाटते."

खरं सांगतो, क्षणभर मलाही तो ढीग दिसला. मऊ, पांढरा, उन्हात तापलेला. कुणाला तिथून उठावंसं वाटेल?

"ताई, तो ढीग जीव घेईन तुहा," गजानन म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. आवाज शांत होता. "गजू, गाडी कोन चालवत होतं?"

वाटलं, हा आता पुन्हा मान खाली घालणार.

"मीच चालवत होतो. पाय माह्याच हातून मोडला. पन या गोळ्या बी मीच आनून राह्यलो, ताई. उद्यापासून नाही आननार."

तिने रात्रीपुरत्या दिलेल्या दोन गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरली. दुसऱ्या दिवशी दोघं बुलढाण्याला गेली, पण एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसून.

खोटी चिठ्ठी हा गुन्हा आहे. डॉक्टरांनी गजाननला झाप झाप झापलं, पोलिसांत दिलं नाही. मीही दिलं नाही. ते बरोबर केलं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या. दर शनिवारी शाळा सुटली की सुनीता एकटी यायची, आणि मी कात्रीने पट्टी कापून आठवड्यापुरत्या गोळ्या तिच्या हातात द्यायचो. पट्टी दर खेपेला आखूड. घरात दोघं बोलत नव्हती. चहासुद्धा ज्याचा त्याने करायचा.

पाचव्या आठवड्यात गजानन दुकानात आला. डोळे सुजलेले.

"ताईचा फोन आल्ता. इतक्या दिवसांनी गजू म्हनली. म्हने, दोनच आन, मी समदं विसरून जाते."

"मग?"

"नाही म्हनलो. फोन ठेवला अन् लय रडलो. काकाजी, बरोबर केलं ना मी?"

कौतुकाचे शब्द माझ्या तोंडावर आले होते. गिळले. त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "हाव."

उन्हाळा लागला तेव्हा सुनीता शेवटची आली. पट्टीतल्या तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या तिने काउंटरवर ठेवल्या. "नाही लागल्या," म्हणाली. नजर जवळ आली होती. मी गजाननचा विषय काढला, तशी ती पर्सच्या चेनशी खेळत राहिली.

"मी दोन गोळ्या मांगल्या होत्या ना, तवा त्यानं आनल्या असत्या, तर मी घेतल्या असत्या. अन् मंग जलमभर त्याचं तोंड पाह्यलं नसतं."

"हे त्याले सांगितलं का?"

"नाही. तुम्ही बी सांगू नका. माहं मीच सांगन." मग म्हणाली, "आज चहा दोघांचा केला होता. पेला त्यानं."

मी अजून तरी गजाननला काही सांगितलेलं नाही. दुकानात मात्र एक बदल केलाय. या गोळ्या महिन्याच्या वर चालल्या, की कितीही गुणी नातेवाईक येवो, मी पेशंटला समोर बोलावतो. नातेवाईक चिडतात. चिडू देत.