रापणीत आलेली पेटी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. एसटीतून उतरल्याउतरल्या त्याने आमच्या लोकांना अडाणी म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

साठ सालाच्या आगेमागे त्याच्या मुंबईच्या प्रयोगशाळेने फुग्याला बांधून आभाळात सोडलेली एक पेटी समुद्रात पडली आणि मालवणात रापणीच्या जाळ्यात आली. रापणीत येईल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं, हा आमचा रिवाज. पेटीतल्या लेप लावलेल्या काचा घरटी एकेक वाटल्या गेल्या. पेटीवरचा इंग्रजी पत्ता वाचून मी तार केली, पण तोवर उशीर झाला होता.

तो दारोदार फिरला. प्रत्येक काच दोन बोटांनी कडेला धरून डोळ्यांजवळ न्यायचा. आभाळातून येणारा कण या लेपात आपली रेघ ठेवून जातो, असं त्याने मला चिडचिडतच सांगितलं. काचांभोवतीचा काळा कागद सोडवल्यावर उजेड लागून सगळं वाया गेलं होतं, तरी तो एकही काच मागे ठेवत नव्हता.

मुलगा मुंबईला असलेल्या शेजारच्या काकीने तर लेप राखेने घासून काढला होता आणि काच गणपतीच्या तसबिरीला बसवली होती. त्याने ती भिंतीवरून उतरवली.

"पेटीवर लिहिलं होतं, उघडू नका म्हणून," तो कडाडला.

"इंग्रजीत," मी म्हणालो. "मराठी येतं ना तुम्हाला?"

"मराठीत लिहून इथे वाचणार कोण होतं?"

मी काही बोलायच्या आत काकीने तसबीर त्याच्या हातातून काढून घेतली.

"मुंबयसून झिलाची चिठी येता, ती मियाच वाचतंय," ती म्हणाली आणि तसबीर परत खिळ्याला लावली.