देविदासचा नायक

देविदास गेल्याची बातमी मला हैदराबादहून आली. तो इथेच पांढरकवड्यात, माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहायचा. पण वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिला फोन केला माझ्या मुलीला, मृणालला, आणि तिनं मला. "बाबा, सर गेले..." एवढंच बोलून ती रडू लागली. माझ्यासाठी ही पोरगी अशी रडेल का, हाच विचार आधी मनात आला.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. मृणाल बारावीत असताना तिचा घोटा मुरगळून टम्म सुजला होता. दुखण्यावरची गोळी नेमकं काय करते, असं तिनं मला विचारलं. मी प्रोस्टाग्लँडिन या सूज आणणाऱ्या रसायनापासून सुरुवात केली. पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लापासून ते बनतं, रक्तवाहिन्या रुंदावतं... पोरगी जांभया देऊ लागली. तेवढ्यात देविदास चहाला आला. तो बंजारा तांड्यात वाढलेला; तिथला मुखिया म्हणजे नायक.

"तांड्यात झगडा झाला का नायक हाक देते," तो तिला म्हणाला. "लोकं जमतेत, कल्ला होते. तीच तुही सूज. गोळी त्या हाकेचा आवाज बारीक करते."

"मग थांबवते कोण?"

"नायकच. झगडा निपटला का थोच म्हन्ते, बस झालं, आता घरी जा. नाही म्हटलं त लोकं आपलंच घर पाडतीन."

शरीराची फौज बोलावणारं रसायन पुढे तिला आवरायलाही मदत करतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. माझं ते परीक्षेपुरतं राहिलं. देविदासनं एका कप चहात सांगितलं आणि मुलीनं तोच विषय धरला. काहींच्या शरीरात ही सूज का ओसरत नाही, यावर ती आज हैदराबादला संशोधन करते. बापाच्या पोटात दुखणारच ना?

दर रविवारी संध्याकाळी ती आठवड्याचं काम त्याला फोनवर सांगायची. माझ्या वाट्याला 'जेवले का' एवढंच यायचं. तो गेल्यापासून रविवारचा फोन मला येतो. परवा ती भरभरून बोलत होती, मला सगळं समजत होतं, आणि बोलण्याच्या भरात म्हणाली, "पण सर, या पेशी..."

तिच्या लक्षातही आलं नाही.

"बोल," मी देविदासच्या बोलीत म्हटलं, "ऐकून राह्यलो."